‘बोलावलं तर याल का?’ : ५७ टक्क्यांच्या एका उत्तराची चिकित्सा

आपत्ती व्यवस्थापनावर वाचन सुरू केलंत की एक पेपर तुमच्या समोर लवकरच येणार. २००५ साली ‘जर्नल ऑफ अर्बन हेल्थ’मध्ये आलेला कुरेशी आणि सहकाऱ्यांचा. न्यूयॉर्क आणि आसपासच्या भागातल्या ४७ आरोग्य संस्थांमधल्या ६,४२८ कर्मचाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं, की अमुक प्रकारची आपत्ती आली तर तुम्ही कामावर येऊ शकाल का आणि यायला तयार असाल का? रेडिएशनच्या घटनेत यायला तयार असलेले निघाले ५७ टक्के.

हा आकडा नंतर खूप फिरला. रेडिएशनच्या आणीबाणीत डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ आणि वैद्यकीय स्वयंसेवक किती मिळतील, यावर कुणी लिहायला बसलं की तो, किंवा त्याच्यासारखा दुसरा एखादा आकडा, प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात येऊन बसतो. त्यापुढचं वाक्यही बहुतेक ठरलेलं असतं: ‘म्हणजे जवळजवळ निम्मे लोक येणारच नाहीत, सबब प्रशिक्षण वाढवा.’

आज या आकड्याकडे जरा नीट बघू. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: हा आकडा लोकांची हिंमत मोजत नाही. त्यांच्यासमोर ठेवलेली व्यवस्था किती विश्वासार्ह वाटते, ते तो मोजतो. आणि ती व्यवस्था नेमकी काय आहे, हे प्रश्नात सांगितलेलंच नसतं. तुम्ही उद्या सर्व्हे पद्धतीने पीएचडी करणार असाल, तर विषय कोणताही असो, ही अडचण तुमच्याही वाट्याला येणार आहे.

आधी पेपरचं श्रेय

चिकित्सा करायची म्हणजे झोडपायचं असं नाही. या पेपरने एक फार चांगली गोष्ट केली: ‘येऊ शकणं’ आणि ‘यायला तयार असणं’ या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. बर्फाचं मोठं वादळ आलं तर ८० टक्के लोक यायला तयार होते, पण येऊ शकतील असं म्हणणारे फक्त ४९ टक्के. मन तयार आहे, रस्ते बंद आहेत. सार्सच्या साथीत उलटं. येऊ शकणारे ६४ टक्के, तयार असलेले ४८ टक्केच. रेडिएशनच्या घटनेतही तोच कल: येऊ शकणारे ६४, तयार ५७.

न येण्याची कारणंही त्यांनी विचारली. येऊ न शकण्यामागे वाहतूक, मुलांची देखभाल, घरातली म्हातारी माणसं, पाळीव प्राणी. तयार नसण्यामागे स्वतःबद्दलची आणि कुटुंबाबद्दलची भीती, स्वतःच्या तब्येतीच्या तक्रारी. हे सगळं धोरण ठरवणाऱ्यांच्या थेट कामाचं आहे. पाळणाघराची सोय केली तर किती माणसं वाढतील, असा हिशेब त्यातून मांडता येतो.

इथपर्यंत ठीक. पुढचे प्रश्न मात्र पेपरपेक्षा त्याच्या वाचकांना जास्त विचारायला हवेत.

पहिला प्रश्न: ‘रेडिएशनची घटना’ म्हणजे कोणती?

बर्फाचं वादळ म्हटल्यावर न्यूयॉर्कमधल्या नर्सच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते तिने स्वतः अनुभवलेलं असतं. रेडिएशनची घटना म्हटल्यावर काय येतं? कुणाला हिरोशिमा आठवेल, कुणाला चेर्नोबिल, कुणाला सिनेमातला बॉम्ब. निष्कर्षात मात्र हे सगळं ‘रेडिऑलॉजिकल घटना’ या एकाच नावाखाली येतं. म्हणजे ६,४२८ लोकांनी कदाचित हजार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि आपण त्यांची एकच टक्केवारी काढली.

प्रत्यक्षात अशा घटनांमधला फरक प्रचंड असतो. इथे विज्ञानाची एक बाब स्पष्ट करून घेऊ, कारण बिगरभौतिकीवाल्यांचा इथेच गोंधळ होतो. बाहेरच्या स्रोतातून गॅमा किरण अंगावर पडणं वेगळं आणि किरणोत्सारी धूळ कपड्यांवर, त्वचेवर किंवा पोटात जाणं वेगळं. पहिल्या प्रकारातला रुग्ण स्वतः किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढून आलेल्या माणसाला हात लावायला आपण घाबरत नाही, तसंच. दुसऱ्या प्रकारात रुग्णाबरोबर धूळ येते, पण बाहेरून लागलेल्या धुळीचा बहुतांश भाग नुसते कपडे उतरवले तरी जातो. उरलेली बरीचशी कोमट पाणी आणि साबणाने.

ज्याला हा फरक माहीत आहे त्याचं ‘हो’ आणि ज्याला माहीत नाही त्याचं ‘नाही’, ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘४३ टक्के लोक तयार नाहीत’ या वाक्यात हा भेद पुसला जातो.

दुसरा प्रश्न: आल्यावर करायचं काय?

मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच. ‘याल का’ असं विचारलं जातं, ‘कशाला’ ते सांगितलं जात नाही. मग घडून गेलेल्या घटनांमध्ये नेमकं कोणतं काम पडलं होतं, ते बघू.

ब्राझीलमधलं गोइयानिया शहर, सप्टेंबर १९८७. बंद पडलेल्या एका रेडिओथेरपी क्लिनिकमध्ये मागे राहिलेल्या यंत्रातला सीझियम-१३७चा स्रोत दोघांनी भंगार म्हणून काढून नेला. पुढे तो फोडला गेला. अंधारात निळसर चमकणारी ती पूड भंगारवाल्याच्या घरी पोचली, नातेवाइकांत, शेजाऱ्यांत वाटली गेली. चार जणांचा मृत्यू झाला. त्यात एक सहा वर्षांची मुलगी होती.

पण वैद्यकीय मनुष्यबळाच्या दृष्टीने या घटनेतला मोठा आकडा वेगळाच आहे. बातमी पसरल्यावर शहराच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये तपासणी केंद्र उघडलं गेलं आणि सुमारे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली. त्यांपैकी दूषित आढळले २४९. म्हणजे साधारण साडेचारशे माणसांमागे एक. शिवाय पहिल्या ६० हजारांपैकी सुमारे ५ हजार लोकांच्या अंगावर पुरळ, उलट्या, जुलाब अशी लक्षणं होती, आणि त्यांच्या अंगावर किरणोत्सारी पदार्थाचा लवलेशही नव्हता. ते घाबरलेले होते.

आता सांगा, या स्टेडियममध्ये कोणती माणसं हवी होती? गायगर काउंटर कसा धरायचा आणि किती हळू फिरवायचा हे जाणणारी. रांग लावणारी, नाव-पत्ता लिहून घेणारी. भीतीने आलेली उलटी आणि रेडिएशनने आलेली उलटी यांत फरक करू शकणारी. आणि उरलेल्या ४४९ जणांना ‘तुमच्या अंगावर काहीही नाही, घरी जा’ हे त्यांचा विश्वास बसेल अशा रीतीने सांगणारी. या कामाला धाडस लागतं, नाही असं नाही. पण मुख्यतः लागतो तो संयम आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण.

दुसरं उदाहरण जपानचं. मार्च २०११, फुकुशिमा दाइइची. अणुभट्टीपासून पाच किलोमीटरच्या आत फुताबा नावाचं रुग्णालय होतं. तिथल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णांना बसमधून हलवलं गेलं. आधी तपासणीसाठी एकीकडे, मग निवाऱ्यासाठी दुसरीकडे, असा २०० किलोमीटरहून जास्त प्रवास, सोबत वैद्यकीय माणूस नाही. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये तानिगावा आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. स्थलांतराच्या दरम्यान आणि त्यानंतर लगेच किमान ५० रुग्ण दगावले. त्यांना रेडिएशनने मारलं नाही. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि मूळ आजार बळावणं, ही कारणं होती.

त्या बसमध्ये हवी होती ती एक नर्स, सलाइन, पांघरुणं आणि रुग्णांच्या औषधांची यादी. किरणोत्सर्गाचा तज्ज्ञ नसता तरी चाललं असतं. ‘रेडिएशनच्या घटनेत याल का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणालेल्या एखाद्या नर्सला ‘वीस वृद्धांबरोबर बसमध्ये बसून धोक्याच्या भागातून बाहेर जाल का?’ असं विचारलं असतं तर? तिचं उत्तर काय आलं असतं ते मी सांगू शकत नाही. पण तो प्रश्न सर्व्हेत नव्हता, एवढं नक्की.

तिसरा प्रश्न: नोकर आणि स्वयंसेवक एकच का?

कुरेशींच्या पेपरमधले लोक पगारी कर्मचारी होते. त्यांचे आकडे स्वयंसेवकांना जसेच्या तसे लावणं हा नंतरच्या वाचकांचा आळस. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर, २००२मध्ये ‘मेडिकल रिझर्व्ह कोअर’ सुरू झाली. स्थानिक पातळीवर डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि इतर नागरिक यांची आधीच नोंदणी करून ठेवायची आणि गरज पडली की बोलवायचं. पुढे याच चौकटीत रेडिएशनसाठी वेगळ्या तुकड्या तयार करायचे प्रयत्न झाले. एक्स-रे तंत्रज्ञ, न्यूक्लियर मेडिसिनमधले लोक, रेडिएशन सुरक्षा अधिकारी, म्हणजे ज्यांच्या हातात मोजणीचं यंत्र रोजच असतं अशी माणसं.

स्वयंसेवकाच्या जवळ जाणारा प्रश्न विचारला तो २०११ साली ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या बॅलिसर आणि सहकाऱ्यांच्या पेपरने. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या ३,४२६ कर्मचाऱ्यांची उत्तरं त्यात आहेत. त्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले: सक्ती असेल तर याल का, आणि नुसतं विचारलं, सक्ती नसेल, तर याल का? दुसऱ्या प्रश्नाला सुमारे ३९ टक्के लोकांनी तयारी दाखवली नाही. सक्ती नसताना येणारा तो स्वयंसेवक. म्हणून आपल्या विषयाला हा आकडा जास्त लागू पडतो.

पण इथेही दोन ठिकाणी थांबा.

एक, प्रश्नावली ज्यांना पाठवली त्यांच्यापैकी जेमतेम १८ टक्के लोकांनी उत्तर दिलं. उरलेले ८२ टक्के काय म्हणाले असते? आणीबाणीत बोलावल्यावर न येणारा माणूस प्रश्नावलीलाही उत्तर न देणारा असू शकतो. किंवा उलट, जो वॉर्डात कामात बुडालेला आहे आणि फॉर्म भरायला ज्याला वेळ नाही, तोच आधी धावून येईल. कल कोणत्या बाजूला आहे ते आतल्या आकड्यांवरून कळत नाही.

दोन, या पेपरमधला सगळ्यांत गाजलेला निष्कर्ष. ‘आपले सहकारी येतील’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्या स्वतःच्या येण्याची शक्यता १७ पट. वाचायला जबरदस्त. पण हे गुणोत्तर ‘ऑड्स’चं आहे, म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या प्रमाणाचं. तयारी असलेल्यांची टक्केवारी १७ पट होते असा त्याचा अर्थ नाही. साठ टक्क्यांच्या सतरा पट कुठे जाणार? दुसरं म्हणजे कारण कोणतं आणि परिणाम कोणता? सहकारी येतील म्हणून मी येतो, की मी येणार नाही म्हणून ‘कोणीच येणार नाही’ असं मला वाटतं? एकाच दिवशी, एकाच फॉर्मवर, एकाच माणसाने दिलेल्या दोन उत्तरांतून हे ठरत नाही. व्हायव्हात परीक्षक नेमकं हेच विचारतात.

तरीही मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो. कारण तो माणसाच्या मनातून बाहेर पडून त्याच्या भोवतालाकडे बोट दाखवतो.

प्रश्नात काय असायला हवं होतं

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे आणीबाणीच्या तयारीचे निकष २०१५ साली आले. त्यांत ‘मदतनीस’ असा वेगळा वर्ग मानलेला आहे: स्वखुशीने मदतीला येणारे सामान्य नागरिक. त्यांच्यासाठी अटी आहेत. त्यांची नोंदणी व्हायला हवी, त्यांना धोक्याची माहिती द्यायला हवी, प्रतिसादाच्या व्यवस्थेत त्यांना सामावून घ्यायला हवं आणि ५० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळेल असं काम त्यांना देता कामा नये.

५० म्हणजे किती? जगात सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण १०. रेडिएशनमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०ची मर्यादा आहे. तीव्र किरणोत्सर्ग आजाराची लक्षणं दिसू लागतात ती साधारण १,०००च्या पुढे. म्हणजे ५० ही ‘काहीच नाही’ अशी मात्रा नाही, पण माणूस आजारी पडण्याच्या पातळीपासून ती बरीच लांब आहे.

आता हा प्रश्न वाचा: ‘तपासणी केंद्रावर सहा तासांची पाळी. छातीवर डोसमापक असेल, आकडा तुम्हाला दर तासाला दिसेल, ठरलेल्या मर्यादेला काम थांबेल. तुमच्या कुटुंबाची तपासणी आधी केली जाईल. याल का?’ कुरेशींच्या उत्तरदात्यांनी सांगितलेली भीती स्वतःची आणि कुटुंबाची होती. या प्रश्नात त्या दोन्हींना उत्तर आहे. डोसमापक नाही, काम ठरलेलं नाही, घरच्यांचं काय ते माहीत नाही, अशा स्थितीत ‘नाही’ म्हणणाऱ्याला भित्रा म्हणायचं, की शहाणा?

आणि म्हणून ‘प्रशिक्षण वाढवा’ ही शिफारस मला अपुरी वाटते. त्यात दोष माणसात आहे असं गृहीत धरलेलं आहे. प्रशिक्षण हवंच. पण जिल्ह्यात पन्नास डोसमापक नसतील तर पाचशे प्रशिक्षित स्वयंसेवकांनी करायचं काय?

माझ्या म्हणण्यावरचा आक्षेप

कोणी म्हणेल, हे सगळं कागदावर ठीक; भीती खरीच असते. मान्य. फुकुशिमानंतर अणुभट्टीपासून २० ते ३० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांची टंचाई झाली, लहान मुलं असलेल्यांनी घरच्यांना घेऊन दूर जाणं पसंत केलं. तेव्हा सर्व्हेमधली भीती खोटी नव्हती. प्रश्न सुधारला की टक्केवारी वाढेलच, असा माझा दावा नाही. कदाचित घटेल. ‘रुग्णाचे दूषित कपडे कापून काढाल का?’ असं स्पष्ट विचारल्यावर आधी ‘हो’ म्हटलेले काही जण मागे सरतील. पण मग तो आकडा नियोजनाला उपयोगी असेल. रांगेच्या कामाला किती, बसच्या सोबतीला किती, कपडे काढण्याच्या तंबूत किती, हे कळेल. ५७ टक्क्यांतून यातलं काहीच कळत नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

हा विषय आपल्यापासून दूर नाही. २०१० साली दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६०चा स्रोत पोचला. तो एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात विकल्या गेलेल्या उपकरणातला होता. एकाचा मृत्यू झाला, अनेक जण आजारी पडले. गोइयानियासारखंच, सुरुवात भंगारापासून. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, शहराशहरांत रेडिओथेरपी केंद्रं आहेत, आणि भंगार तर गल्लोगल्ली आहे. तेव्हा नर्सिंग कॉलेजातल्या विद्यार्थिनी, एक्स-रे तंत्रज्ञ, एनएसएसची मुलं यांच्या तयारीवर कुणी काम करणार असेल, तर विषय उत्तम आहे.

फक्त अमेरिकन प्रश्नावली मराठीत उतरवून शंभर जणांकडून भरून घेऊ नका. ‘रेडिएशन’ या शब्दाने आपल्याकडे कुणाला मोबाइलचा टॉवर आठवतो, कुणाला कॅन्सरचे उपचार. आधी दहा-बारा जणांशी नुसतं बोला. शब्द ऐकून त्यांच्या मनात काय येतं ते लिहून घ्या. मग दोन-तीन ठोस प्रसंग लिहा, प्रत्येकात काम, साधनं आणि मर्यादा सांगा. निम्म्या लोकांना डोसमापक असलेला प्रसंग द्या, निम्म्यांना नसलेला. कोणाला कोणता ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. दोन्ही गटांतल्या होकारातला फरक हा तुमचा निष्कर्ष. डोसमापक मिळाल्याने किती माणसं वाढतात, हे त्यातून पहिल्यांदा थेट दिसेल. ‘बोलणं आणि करणं’ यातलं अंतर त्यानेही मिटत नाही, हे मर्यादांच्या प्रकरणात प्रामाणिकपणे लिहा. शक्य असेल तर जिल्ह्याच्या मॉक ड्रिलला बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती आले, ते मोजा.

गाइड म्हणतील, ‘सॅम्पल मोठं घ्या.’ घ्या. पण आधी प्रश्न तपासा. अस्पष्ट प्रश्न सहा हजार जणांना विचारला तरी उत्तर अस्पष्टच राहतं, फक्त दशांश चिन्हापुढचे आकडे वाढतात.